अर्धचंद्र

रोसारियोत, बसस्थानकामागच्या गल्लीत
माझ्या नावावर सहा गाळे आहेत.
वडिलांनी बांधले तेव्हा लोक म्हणाले,
नेलिदाच्या म्हातारपणाची सोय झाली.
म्हातारपण वेळेवर आलं.
सोय अजून वाटेत आहे.

पाचवा गाळा दोन हिवाळे रिकामा.
काचेवर 'भाड्याने देणे'ची पाटी,
फोन नंबरातला शेवटचा आकडा
कुणा पोराने खरवडून नेलेला.
मी तो पुन्हा लिहिलेला नाही.

बाकीच्यांचं भाडं पेसोत ठरवावं
तर सहीची शाई वाळेपर्यंत पेसो उतरतो.
डॉलरात मागावं तर ओदिला हसते.
बटणं विकते ती.
"बाई, शर्टाच्या एका बटणाला डॉलरात काय म्हणतात?"
मुलगा वालेन्सियाहून सांगतो, विकून टाक.
त्याचं बरोबर असेल.
घेणारेही त्याच्यासारखंच बरोबर बोलतात
आणि अर्ध्या किमतीवर येऊन थांबतात.

म्हणून मार्चमध्ये आम्ही सगळे
फाउस्तिनोच्या किल्ल्यांच्या गाळ्यात बसलो,
एकाच नळीने माते पीत,
आणि ठरवलं :
भाडं म्हणजे साठ डझन अर्धचंद्र.
इलारियोच्या बेकरीतले, लोण्याचे,
न्याहारीच्या त्या वळलेल्या पावांना इथे हेच नाव.
एक तारखेला त्याच्या फळ्यावर जो भाव
तो सगळ्या ओळीचा भाव.
कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

इलारियोही माझाच भाडेकरू.
हे तेव्हा कुणाला खटकलं नाही.
मला खटकलं होतं. मी माते पुढे दिलं.

एप्रिलमध्ये त्याने भाव वाढवला.
मेमध्ये पुन्हा.
घड्याळवाल्याने त्याला नमस्कार करणं सोडलं,
ओदिलाने पाव दुसरीकडून आणायला सुरुवात केली.
जूनपासून फळा हलला नाही.
मैदा दोनदा वाढला, गॅसचं बिल तर विचारूच नका,
फळा तसाच.
पहाटे साडेपाचला खडू हातात धरून
तो समोर उभा राहतो.
पलीकडे फाउस्तिनो शटर अर्धंच उचलतो.
खालून त्याचे बूट दिसतात.
बूट हलत नाहीत, जोवर खडू खिशात जात नाही.

काल मी एक डझन आणून काट्यावर ठेवले.
मार्चमध्येही ठेवले होते,
मालकीण आहे मी, भोळी नाही.
तेव्हा सहाशे ग्रॅम भरले.
काल चारशे दहा.
भाव तोच, आणि चंद्राला लागलाय कृष्णपक्ष.

करारात एक शब्द घालता येईल : 'वजनाने'.
वकील त्या एका शब्दाचे पैसे
आजच्या दराने घेईल, संध्याकाळच्या आत.
छपरावाल्याचा अंदाजही संध्याकाळपर्यंतच खरा होता.
पाचव्या गाळ्यात बादली ठेवली आहे.
ती भरते, मी ओतते,
एवढी एकच गोष्ट अजून वेळच्या वेळी होते.

अर्धचंद्र द्यायला मला येत नाही असं नाही.
दोन हजार एकच्या डिसेंबरात दिला होता एकाला.
खेळणी विकायचा.
बाहुल्यांची खोकी त्याने हातगाडीवर एकट्याने लादली,
आणि जाताना किल्ली माझ्या हातात न देता
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.
तो गाळा चार वर्षं माझ्याशी बोलला नाही.
हाच, पाचवा.

आज एक तारीख.
इलारियो पाकीट देतो, नोटांवर पिठाची बोटं.
मी त्याच्यासमोर मोजत नाही.
एक डझन बांधून दे म्हणते.
तो तेरा घालतो,
आणि मी पाहिलं हे त्यालाही दिसतं.

तेरावा मी वाटेतच खाल्ला,
पाचव्याच्या दारात, पाटीला पाठ टेकून.
दोन घासांत संपला.
मार्चमध्ये तीन लागायचे.