खालची ओळ

वडनेरच्या फाट्यावर माह्यं गादीचं दुकान.
पिंजायचं मशीन, दोन पोरं, एक वही.
वहीतलं सरकारले समजंल असं करून देते
हिंगणघाटचा देवानंद कोवे.
तीन महिन्याचे पंधराशे. चाची म्हनते मले.

यंदा त्याच्या बिलात खाली एक ओळ आली.
अठरा टक्के, दोनशे सत्तर.
धंदा वाढला म्हने त्याचा. वाढो बापा.
"हे मले वापस भेटते का?"
"कंपोझिशनवाल्याले नाही, चाची."

दोनशे सत्तर म्हंजे माह्यी एक उशी,
खोळीसकट.
दर तिमाहीले जाते ते
कोनाच्या डोक्याखाली, नाव मालूम नाही.
झोप लागत असंल त्याले चांगली.

दिवाळीच्या आंधी तोच आला.
रिटर्नच्या तारखेले हापिसातच निजा लागते,
गादी पाह्यजे.
सहा किलो कापूस भरला, टाके जवळजवळ घातले,
बिल फाडलं.
त्यानं खालून वर पाह्यलं.
"येवढंच?"
"मले खालची ओळ लिवाले मनाई हाये.
तूच तं सांगतलं होतं."

हासला नाही.
गादी मोटरसायकलवर बांधली, दोरी मीच धरली.
गाडीले किक मारता मारता म्हने,
"उशी नाही का देत संगं?"

देते ना.
दोनशे सत्तर.