निदान

संगणक विचारतो. चौकट रिकामी ठेवता येत नाही.
काहीतरी भरा, मगच पुढचा रुग्ण दिसेल.
अकरा वर्षांपूर्वी मी त्या चौकटीत 'कान' असं भरलं होतं.

ल्युसिल ब्रॅटन, एकसष्ट, गरगरतंय म्हणत आलेली.
स्कॅन स्वच्छ. बाहेर सतरा जण ताटकळत,
जानेवारी, सरोवर काठापासून गोठलेलं.
ती म्हणाली, "डॉक्टर, हा कान नव्हे."
मी गोळ्या लिहून दिल्या. तिने हातमोजे घातले,
उजवा लगेच,
डाव्याला बोटं सापडेनात.
हे मी पाहिलं होतं.
पाहिलं होतं, एवढंच.
चौथ्या दिवशी तिचा मुलगा तोच कागद घेऊन आला,
एका शब्दाभोवती पेनने गोल केलेला.

आता डुलुथच्या आमच्या इस्पितळात, कॉरिडॉरच्या टोकाला,
जिथे मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवत,
तिथे आठ खाटा आहेत. ना घरच्या, ना वॉर्डातल्या.
त्यांच्यासाठी मी चार वर्षं मीटिंगांत बसलो.
एक गृहस्थ दर वेळी विचारायचे,
नुसतं थांबण्याचे पैसे कोण भरणार?
त्यांचं चुकत नव्हतं. धड उत्तर आजही नाही.
आणि चौकटीच्या यादीत एक ओळ वाढवून घेतली:
'अजून माहीत नाही'.
या तीन शब्दांना
खाटांपेक्षा जास्त वेळ लागला.

काल रात्री पाच नंबरला तोइवो लेहतिनेन,
लोहखनिजाच्या जहाजांवर चाळीस वर्षं आचारी.
"चाळीस वर्षं डेक कलला, मी कललो नाही.
आज जमीन सरळ आहे आणि मीच कलतोय."
दोन दिवस अंगावर काढलेलं.
स्कॅन स्वच्छ. रक्त स्वच्छ.
बायको गाडीची किल्ली हातात घेऊन उभी,
घरी कुत्रा एकटा होता.
मी म्हणालो, निदान सकाळपर्यंत थांबा.
निदान तेवढं.

वर्ना लाप्रेरी दर तासाला त्याला उठवायची.
तो फिनिशमध्ये शिव्या घालायचा, आणि उठायचा.
एकला सरळ चालला. दोनला सरळ.
दोघंही एकमेकांना विटलेले.
तीन वाजून दहा मिनिटांनी त्याने बायकोचा कॉफीचा कप उचलला,
डाव्या हाताने,
आणि तोंडाशी येता येता कप गालाकडे वळला.
त्याने हसून बाही पुसली.
वर्ना हसली नाही.
"माझ्या बोटाला बोट लावा. आता नाकाला."
डावं बोट भरकटलं, बर्फावर चाक सुटतं तसं.
तिने फोन केला नाही, धावत आली.

पुढचं भराभर. दुसरा, मोठा स्कॅन,
मेंदूच्या मागे, तळाशी,
नाण्याएवढा डाग, सुजू लागलेला.
सर्जन, लिफ्ट, बायकोच्या मुठीत चष्मा.
सातला वरून कळवलं, वाचेल बहुतेक.
'बहुतेक' हा शब्द ती दोनदा ऐकवून घेऊन गेली.
कुत्र्याकडे शेजारी गेलाय म्हणे.

तीन नंबरला मात्र काहीच निघालं नाही.
जोलीन, शाळेच्या बसची ड्रायव्हर, पोट धरून आलेली.
रात्रभर दाबून पाहिलं, मोजलं, पुन्हा रक्त घेतलं.
पहाटे दुखणं आपोआप उठून गेलं,
आगंतुक पाहुणा जातो तसं, न सांगता.
"मग होतं काय?"
"माहीत नाही."
"रात्रभर झोपू दिलं नाहीत, आणि माहीत नाही?"
"पुन्हा दुखलं तर पुन्हा या. याच दाराने."
तिने मान हलवली, होय नाही, नाही नाही,
आणि हातमोजे घालू लागली.

मी उभा राहिलो.
उजवा गेला.
डावा
गेला.
तरी तिची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत
मी काचेपासून हललो नाही.
मागे संगणकावर चौकट
रिकामी, लुकलुकत.