नांगराच्या खोलीवर

ट्रेंट नदीच्या काठी, हेडली गार्साइडच्या शेतात
मी हातभर पोकळ नळी ठोकून माती काढते.
वरची वीतभर काळी, भुसभुशीत,
कुणालाही मोह पडावा अशी.

"बासष्ट साली पहिला टँकर आला," तो सांगतो,
"शहराचा मैला. वडील म्हणाले, फुकट ते पौष्टिक."
त्या वर्षीचं बीट माणसाच्या डोक्याएवढं.

मैल्यात नुसता मैला नव्हता.
सायकलींच्या कारखान्यात हँडलना मुलामा चढायचा,
धुवण त्याच गटारात उतरायचं:
निकेल, क्रोमियम, झिंक,
आणि त्यांच्या आडून गुपचूप कॅडमियम.
ज्या सायकलीवरून हेडली शाळेत गेला
तिची चकाकी अजून इथे आहे, नांगराच्या खोलीवर.
सायकल केव्हाच गंजली.

टँकर थांबून तीस वर्षं झाली.
नदी दोनदा स्वयंपाकघरापर्यंत येऊन गेली,
धातू जागचा हलला नाही.

तो क्लोव्हरचं एक रोप उपटतो,
मुळावरची गाठ नखाने फोडतो.
आतून गुलाबी हवी.
पांढरी आहे, शिळ्या भाताच्या शितासारखी.

"मका लावा म्हणतात. गॅससाठी.
कणीस तोडायचं नाही."
नातीला हे कसं सांगायचं, ते मात्र
कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही.

मी पिशवीवर तारीख घालते.
उरलेली माती तो मागून घेतो,
भोकात परत ओततो,
बुटाने दाबतो, दोनदा.

दुसरीकडे टाकणार तरी कुठे?