पट्टा

कावळा नाक्याच्या पुढं, पत्र्याच्या शेडसमोर
अकरा गाड्या उन्हात, काचांवर चुन्यानं लिहिलेल्या किमती,
आणि चौगुले एका टायरवर पाय ठेवून फोनवर.
उत्कर्षाच्या खिशात लायसन, आठ दिवसांचं.
दर दहा मिनिटांनी काढून बघते,
फोटोतली पोरगी पळून गेली नाही ना.

मी डेंटर. उद्यमनगरात एकतीस वर्षं.
लोक गाडी बघतात, मी वाजवतो,
बोटाच्या पेरानं.
नुसता पत्रा असला तर टण्ण,
खाली लांबी भरलेली असली तर
थप्प,
उतरलेल्या कलिंगडासारखं.

पहिली लाल. बॉनेटचे नट कुणीतरी फिरवलेले.
दुसरीचा मीटर म्हणतो चाळीस हजार,
क्लचचं रबर झिजून गुळगुळीत.
"मीटरला कुठली लाज," चौगुले स्वतःच म्हणाले
आणि हसले.

तिसरी चंदेरी वॅगनआर. शून्य नऊ पासिंग,
डॉक्टरांची, घर ते दवाखाना.
उत्कर्षा आत बसली, आरसा वळवला,
सीट पुढं घेतली, अजून पुढं.
"पप्पा, हीच घेऊया. मी चालवून बघतो."
आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात;
तिची आईसुद्धा "मी आलो" म्हणतच सासरी आली.

मी सीटचा पट्टा ओढला.
सगळा ओढायचा असतो, पार शेवटपर्यंत,
जिथं कुणाचं पोट पोचत नाही.
वीतभर उरला तेव्हा दिसली
वाळलेल्या गाळाची रेघ,
कपाच्या तळाशी चहाची राहते तशी.

"ही पुरात होती."
चौगुले गप्प. मग हळूच,
"दिनकरभाऊ, डाव्या दाराची खालची कड बघा की जरा."

वाकलो. बीडिंगच्या आत, पॉलिश जात नाही तिथं
अंगठ्याचा खळगा.
लांबी ओली असताना मी अंगठा फिरवतो.
उस्तादानं शिकवलेलं नाही ते,
माझीच खोड.

त्या वर्षी गणपती झाल्यावर
गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली होती.
दार उघडलं की कुजका वास, सीटा गच्चीवर वाळत.
रंग असा द्या की कळू नये, एवढंच सगळ्यांचं म्हणणं.
चंदेरी जुळवणं सगळ्यात अवघड.
जुळवला.
पुढं कुणाला विकणार, ते विचारलं नाही.
त्या पैशात हिची आठवीची फी गेली
आणि निळी सायकल आली, घंटीसकट.

हे मी तिला तिथंच सांगितलं, चौगुल्यांसमोर.
सांगताना फडक्यानं हात पुसत होतो.
हात कोरडेच होते.

तिनं ऐकून घेतलं. स्टिअरिंग सोडलं नाही.
"मग हिचं खोटं तरी आपल्याला पाठ आहे.
बाकीच्या दहांचं कोण सांगणार?"
आणि काचेतनं डोकं काढून, "काका, एक चाळीस."
"दोन दहा लिहिलंय की, बाळा."
"चुन्यानं लिहिलंय."

एक बासष्टला तुटलं.
वायरिंग सगळं नवं टाकायचं,
मजुरी माझी. ते तर आलंच.

दाभोळकर कॉर्नरला तीनदा बंद पडली.
मागं केएमटीचा हॉर्न, शेजारी रिक्षावाल्याचा सल्ला,
माझा हात आपोआप हँडब्रेकवर.
"हात काढा, पप्पा."
काढला.

पुलावरनं नको म्हणत होतो,
तिनं शिवाजी पुलावरनंच घेतली.
खाली नदी, मार्चमधली, अंग चोरून.
उत्कर्षा समोर बघत होती, ओठ दाबून, चाळीसच्या स्पीडला.
मी काच खाली केली
आणि कान देऊन बसलो,
इंजिनाचा आवाज कुठं बदलतो का.