चौथा पाइप

तो बाहेर यायच्या आधीच मी इंजिनावर हात ठेवला.
कोमट.
म्हणजे पहाटे कुणीतरी हिला उठवलंय,
काय खोकायचं ते खोकून घेऊ दिलंय,
आणि पुन्हा ताडपत्री पांघरून निजवलंय.
कोंबडं झाकायची ही पद्धत जुनीच.

सडबरी. ऑक्टोबरातला तिसरा शनिवार.
तळ्याच्या कडेला बर्फाची पापडी धरू लागलेली,
टेकडीपलीकडे ते उंच धुराडं,
धूर सोडायचं विसरलेलं.
या दिवसांत मोटरसायकल विकतो तो,
ज्याला हिवाळ्याआधी पैसे हवेत.
घेतो कोण, ते सांगायला नको.

कोस्की आला, हातात कॉफी, पायात घरातल्या सपाता.
"कार्बोरेटर साफ करावे लागतील," म्हणाला,
"बाकी काही नाही."
सत्तावीस वर्षं मी खाणीत पंप दुरुस्त करतोय.
'बाकी काही नाही'चं वजन
मला टनांत ठाऊक आहे.

पण लाल होती हो.
टाकीवर दोन फिकट ठसे,
कुणा सडपातळ माणसाच्या गुडघ्यांचे.
उजवं कवच तडकलेलं,
प्लास्टिकच्या पट्ट्यांनी टाचलेलं.
ही नवी होती तेव्हा मी तेवीस वर्षांचा,
शोरूमच्या काचेला नाक लावून उभा.
त्या वर्षी आम्ही बर्फ उडवायचं यंत्र घेतलं.
ते अजून चालतं.
त्याच्याकडे वळून मात्र कुणी कधी पाहिलेलं नाही.

कोस्कीनं बटण दाबलं.
धाप लागली तिला, मग सूर सापडला, मग हरवला,
मग एका पायानं लंगडत
तिथल्या तिथे पळत राहिली.
मला तो आवाज बरा वाटला. मला बरा वाटायलाच हवा होता.

ओदिलनं, माझ्या लेकीनं, पेलाभर पाणी मागितलं.
कोस्कीला वाटलं, प्यायला.
तिनं बोटं बुडवली, खाली वाकली,
आणि चार पाइपांवर चार थेंब सोडले.
चर्र.
चर्र.
चर्र.
चौथा थेंब सावकाश ओघळला,
पाइपाच्या पोटाशी लटकला
आणि पडला.

"मेलेली आहे एक," ती मला फ्रेंचमध्ये कुजबुजली.
आडनाव फिनलंडचं, त्याला काय कळणार, अशा भरवशावर.
"मेलेली नाही," कोस्की म्हणाला, आमच्याहून चांगल्या फ्रेंचमध्ये,
"झोपलीय. चार वर्षं झाली."
"उघडून पाहिलंत?"
त्यानं इंजिन बंद केलं. कपात पाहिलं.
"उघडलं की कळतं ना," म्हणाला.

मग तिघंही नुसते उभे.
पाइप गार होताना टिक टिक करत होते,
तीनच.

बावीसशे सांगितले होते. तो आपणहून चौदाशेवर आला.
एवढ्या चटकन उतरलेला आकडा
त्या चौथ्या थेंबापेक्षा जास्त बोलतो.
माझ्या खिशात अठराशे, रबरबँड लावलेले,
आणि कानात जिनेटचं सकाळचं वाक्य:
ती येणार असेल तर फ्रीझर कुठे जाईल?
त्यात अख्खं अर्धं मूस आहे.

"कळवतो," म्हटलं.
कोस्कीनं ताडपत्री ओढली,
कोपरे दगडांखाली नीट दाबले,
आम्ही निघालोय हे विसरून.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
आणि ही तर पळतही नाही धड.
सिग्नलपर्यंत ओदिल गप्प होती.
मग खिडकीच्या वाफेवर बोटानं चार रेघा ओढून म्हणाली,
"प्लगची टोपी गेली असेल तर वीस डॉलर.
व्हॉल्व जळला असेल तर बुडालो."

'बुडालास' नाही म्हणाली.
बुडालो.

दिवा हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला.
मी गिअर टाकायच्या ऐवजी विचारत होतो,
फ्रीझर भिंतीकडे सरकेल का गं,
फूटभर?