डावा पाय

सोहारला पहाटे चारलाही वारा नसतो.
समुद्राकडून येते ती नुसती ओल,
चष्मा पुसावा तर बनियनच भिजलेला.
बूट हातात धरून निघतो मी,
कारण वरच्या बंकवर शिनोज झोपलेला असतो,
बाराला कामावरून आलेला,
आणि त्याची झोप मोडली
की रात्रीच्या सांबारात मीठ जास्त पडतं.

पंपघराची मागची भिंत.
तिच्यावर खडूनं आखलेला चौकोन, ताटाएवढा.
दोनशे वेळा, डाव्यानं.
उजव्यानं एकदाही नाही,
चेंडू कितीही लाडात आला तरी.

कोल्हापुरात पेठेच्या मॅचला
वस्ताद दोरीबाहेरून ओरडायचे,
"उदाजी, डावा पाय देवाला वाहिलायस काय रं?"
सगळं मैदान हसायचं.
मीपण हसायचो.
हसत हसत वीस वर्षं काढली
एका पायावर.

आता छत्तीस. बंदरावर क्रेन चालवतो.
गुरुवारी रात्री कँपांच्या मॅचेस.
गेल्या हिवाळ्यात घानाचा एक पोरगा, एकवीसचा असेल,
माझ्या उजव्या बाजूला येऊन नुसता उभा राहिला
आणि माझा रस्ता संपला.
धावला नाही, ढकललं नाही.
उभा राहिला फक्त.
परतीच्या बसमध्ये कुणी काही बोललं नाही.
मी बुटाची लेस सोडत होतो,
बांधत होतो, सोडत होतो.

पहिल्या दिवशी चाळीस मारले, चौकोनात शून्य.
दुसऱ्या दिवशी घोटा सुजला.
मग कधीतरी तीन लागले,
ते मी वहीत लिहिले,
वाण्याच्या उधारीसारखे, तारखेसकट.
वहीत मग बाकीचंही येत गेलं:
झोप किती, परोटा एक कमी,
मोबाइल उशीपासून लांब,
रात्रीच बादली भरून ठेवली का
(सकाळी नळाला चहाचं पाणी येतं इथं).
बायकोला फोनवर वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "घरी असताना
दुधाचा हिशेब कधी लिहिला नाहीत."
खरं आहे.
तेही लिहून ठेवलं.

जूनमधल्या एका बुधवारी गेलोच नाही.
ताप नव्हता, पाय दुखत नव्हता,
नुसता पडून राहिलो पंख्याकडे बघत.
गुरुवारी पंपघराचा राखणदार दाद करीम
खुर्चीतून न उठता म्हणाला,
"काल भिंत बोलली नाही.
माझी फजरची नमाज चुकली."
म्हातारा गजर लावत नाही.
माझ्या धपधपीवर उठतो,
हे मला सहा महिन्यांनी कळलं.
काय बोलावं सुचेना.
त्या दिवशी दोनशे वीस मारले.

परवा तोच पोरगा समोर.
तसाच, त्याच बाजूला, उभा.
चेंडू डावीकडं ओढला
आणि डाव्यानं हाणला.
बारवरून, कुंपणावरून, पार्किंगमध्ये,
कुणाच्या तरी पिकअपच्या टपावर.
लोक हसले. आवाज ओळखीचा होता.
लांब आपल्या गोलात टेक बहादूर
हातमोज्यांनी टाळ्या वाजवत होता, एकटाच,
फद फद फद.
आम्ही एकनं हरलो.
पण पुढच्या वेळी पोरगा
अर्धं पाऊल मागं सरून उभा राहिला.
अर्धंच.
बाकी कुणी बघितलं नसेल.

आज सकाळी क्रेनच्या शिडीवर चढताना
पहिल्या पायरीवर डावा पाय पडला.
आपला आपण.
थांबलो. खाली उतरलो.
लक्ष न देता पुन्हा चढून बघू म्हटलं,
जमेना.
खालून फोरमन ओरडला, उदाजी, काय चाललंय,
आणि वही
खोलीवर राहिलेली.