शेरा

महाप्याला रात्रपाळीत माझं काम एवढंच:
मेंदूच्या रेघांना नावं ठेवायची.
आई म्हणते, ते तुला लहानपणापासूनच जमतं.

एकोणीस रेघा, दहा सेकंदांचं एक पान.
झटका. झटका नाही. पापणी. चावणं. सैल तार.
मी नाव देते, यंत्र गिरवतं,
दुसऱ्या रात्री मलाच विचारतं, हे असंच ना?
शंभरात सात वेळा चुकतं.
पहाटे चारनंतर मी त्याहून जास्त.

घणसोलीत, आमच्या आळीत, आकडी म्हणायचे.
जयदासला पहिली आली तेव्हा तो सातवीत,
हळदीच्या मांडवात, बेंजो ऐन भरात,
लोकांना वाटलं नाचतोय.
मग कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा,
मुठीत किल्ली कोंबली, तिचा वण अजून आहे.
वाशीला ग्राफ काढला. वीस मिनिटं.
तेवढी वीस मिनिटं त्याचा मेंदू शहाण्यासारखा वागला.
रिपोर्ट नॉर्मल.
पुढं नऊ वर्षं गोळ्या बदलत गेलो,
एकीनं नुसती झोप, एकीनं अंगभर पुरळ,
एकीनं हिरड्या सुजल्या,
चौथी लागू पडली.
डॉक्टर म्हणाले, अंदाजानंच जावं लागतं.
आता म्हणे यंत्र आधीच सांगेल
कुणाला कुठली गोळी.
मी विचारलं, मग त्या नऊ वर्षांचं?
पिंगळे सर म्हणाले, ते आपल्या प्रकल्पात येत नाही.

काल फाइल बावीसशे सात. वय आठ महिने.
डावीकडे, मागच्या तारांवर, एक संथ लाट
सेकंदाला दोन,
थांबते,
पुन्हा सुरू.
यंत्रानं लाल चौकट आखली होती,
झटका, खात्री सत्त्याण्णव टक्के.
माझंही बोट होकारावर गेलेलं.
मग उगाच व्हिडिओ उघडला.
राखाडी चित्र, आवाज नाही.
बाळ मांडीवर, डोक्याला तारांचं टोपरं,
आणि बांगड्या भरलेला एक हात
थोपटतोय.
नर्स काहीतरी विचारते तेव्हा थांबतो,
मान हलते, पुन्हा थोपटतोय.

यादीत थोपटणं नव्हतं.
'इतर' होतं, 'कचरा' होतं.
सर म्हणाले, कचऱ्यात टाक, लाट स्वच्छ हवी.
मी 'इतर'मध्ये टाकलं. शेऱ्यात लिहिलं,
आईचा हात आहे, उजवा.
पुढच्या वेळी हा हात ओळख,
नाहीतर याच्यासाठी बाळाला गोळी सुरू होईल.
चौकटीत साठच अक्षरं मावतात.
शेवटचं वाक्य तुटलं.

सकाळी घरी आले तर जयदास झोपलेला,
भिंतीकडे तोंड करून, पांघरूण पायाशी.
नुसता हात ठेवला पाठीवर. एकदा. दोनदा.
डोळे न उघडताच म्हणाला,
आली व्हती का मना?
नाय रे, म्हटलं. मीच.